पहाटेच्या अंधाराची जबाबदारी कोणाची?

शहर जागे होते तेव्हा रस्ते झाडून झालेले असतात, इस्पितळाच्या फरशा पुसून झालेल्या असतात आणि कारखान्याची पहिली पाळी यंत्रावर उभी असते. हे आपोआप होत नाही. त्यासाठी कोणीतरी पहाटे तीन-साडेतीनला उठून, डबा बांधून, अंधारातच घराबाहेर पडलेले असते. मुंबईत सफाई कामगाराची हजेरी सकाळी चौकीवर लागते. पण घर असते बदलापूर, वांगणी नाही तर नालासोपाऱ्याला. वस्तीतून स्थानकापर्यंत आणि उतरल्यावर चौकीपर्यंतची वाट पायीच तुडवायची, तीही बहुतेकदा एकटीने. दिवे बंद, भटकी कुत्री मागे लागलेली, दारू पिऊन गाडी हाकणारे रस्त्यावर मोकाट आणि कोपऱ्यावर टोळके. ही वाट तुडवणारी माणसे कोण, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. ती आपल्याच घरातली आहेत.

काही अघटित घडले की प्रस्थापितांच्या उपदेशाला ऊत येतो. एकटीने फिरू नका, उशिरा बाहेर पडू नका, सातच्या आत घरात या! जिची हजेरीच सूर्य उगवण्याच्या सुमारास लागते तिने हा उपदेश कोणत्या खुंटीला टांगायचा? घराबाहेर पडण्याची वेळ तिने ठरवलेली नाही. ती पालिकेने, ठेकेदाराने, मालकाने ठरवलेली आहे. मग त्या वेळेचा धोका तिच्या एकटीच्या पदरात का?

या प्रश्नाला आमच्या समाजाच्या दृष्टीने इतिहास आहे. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर अस्पृश्याला कमरेला खराटा बांधून चालावे लागे, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी तीननंतर महार-मांगांना शहरात येण्यास मनाई होती, कारण त्या वेळी सावली लांब पडते, अशीही नोंद आहे. तेव्हा सकाळी शहरात येऊ नको म्हणणारी व्यवस्था आज उजाडण्यापूर्वी हजर राहा म्हणते. खराटा कमरेवरून हातात आला एवढाच फरक पडला काय? भारतीय संविधानाच्या कलम १५(२) ने विहिरी, तलाव आणि घाटांबरोबर सार्वजनिक रस्त्याचाही नामनिर्देश केला आहे. रस्ता सर्वांचा आहे. पण ज्या रस्त्यावरून जीव मुठीत धरून चालावे लागते त्यावरचा हक्क कागदावरच राहतो.

जबाबदारी कोणाची, याचे उत्तर बाबासाहेबांनी १९२८ मध्येच दिले आहे. मुंबई विधिमंडळात स्त्री-कामगारांच्या प्रसूती-लाभाच्या विधेयकावर बोलताना त्यांनी मांडलेले तत्त्व सरळ होते : ज्या मालकाला कामगार स्त्रीच्या श्रमाचा लाभ मिळतो त्याने तिच्या त्या काळाचा भारही उचलला पाहिजे. हेच तत्त्व पहाटेच्या वाटेला लावा. ज्याला पहाटेच्या श्रमाचा लाभ हवा त्याने पहाटेच्या वाटेचा भार उचलावा.

हे केवळ आमचे म्हणणे नाही. मराठवाड्यातील एका साखर कारखान्याचा रखवालदार २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीला निघाला आणि कारखाना सुमारे पाच किलोमीटरवर असताना रस्त्यावर अपघातात मेला. त्याच्या कुटुंबाला मिळालेली भरपाई उच्च न्यायालयाने रद्द केली. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा मान्य केली. वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसत असेल तर घर ते काम हा प्रवासही नोकरीचाच भाग धरावा लागेल, असा निर्वाळा दिला. एका विधवेला त्यासाठी बावीस वर्षे थांबावे लागले!

अपघाताबाबत न्यायालयाने दार उघडले; अत्याचाराबाबत मात्र फट अजून तशीच आहे. राजस्थानातील भंवरीदेवी या कुंभार समाजातील साथिनीने बालविवाह रोखण्याचे सरकारी काम केले, म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्या प्रकरणातून १९९७ चा विशाखा निकाल आला आणि पुढे २०१३ चा कायदा. त्या कायद्याने कामाच्या जागेच्या व्याख्येत मालकाने पुरवलेल्या वाहनाचा स्पष्ट उल्लेख केला. मालकाने वाहनच दिले नाही तर पायी जाणारीचे काय, याचा तसा उल्लेख नाही. ज्यांच्या वेदनेतून कायदा जन्मला, त्यांच्याच वर्गाची बाई त्याच्या उंबरठ्यावर उभी आहे. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितेत सकाळी सहापूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर स्त्रीला कामावर घेण्यास तिची संमती आणि सुरक्षेच्या अटी सांगितल्या आहेत. पण ठेकेदाराकडे रोजंदारीवर राबणाऱ्या बाईच्या संमतीला अर्थ काय? नाही म्हटले की उद्यापासून येऊ नको!

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. हजेरीची चौकी शक्य तेवढी घराजवळ द्या. ते जमत नसेल तर स्थानक ते चौकी वाहन द्या. ठेक्याच्या करारातच ही अट घाला. कामगार ज्या रस्त्याने जातात तेथील दिवे आधी लावा आणि पहाटे चार ते सहा या वेळेत पोलिसांची गस्त ठेवा. लांबून गाडीवाल्याला दिसेल असे चमकणाऱ्या पट्ट्यांचे जॅकेट प्रत्येक कामगाराला मिळालेच पाहिजे.

पण सरकार जागे होईपर्यंत आपण स्वस्थ बसायचे नाही. वस्तीतल्या कोण किती वाजता निघतात याची यादी विहारात करा आणि दोघी-तिघींनी मिळून निघण्याची वेळ ठरवा. घरातल्या तरुण मुलांनी आईला, बहिणीला स्थानकापर्यंत पोहोचवण्याची पाळी लावून घ्यावी. त्यात कमीपणा नाही. बंद दिव्याची तक्रार खांबाच्या क्रमांकासह लेखी द्या आणि पोच घ्या. प्रसंग ओढवला तर ११२ वर फोन करा. हद्द आमची नाही, असे सांगून पोलीस परतवू शकत नाहीत. कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. जातीवरून छळ झाला असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे लावण्याचा आग्रह धरा. संघटनेच्या कार्यकर्त्याने अशा वेळी बाईसोबत ठाण्यात उभे राहावे. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हा मंत्र केवळ जयंतीच्या फलकासाठी नाही.

पालिका, ठेकेदार आणि कारखानदार यांना पहाटेचे काम हवे असेल तर पहाटेची वाटही त्यांनीच सुरक्षित करून दिली पाहिजे. ती आम्ही मागून घेऊ, नाही दिली तर भांडून घेऊ.