स्वभावाची चिठ्ठी आणि मनाचे अभय

सायंकाळी गल्ल्याचा हिशेब जुळला म्हणजे पेढीचा दिवस सुखरूप पार पडला, असे मानण्याची रीत आहे. तथापि काही गोष्टी खतावणीत कधीच उतरत नाहीत. एका जुन्या ग्राहकाची उधारी मर्यादेबाहेर चालली आहे, हे मुनीमजींना दोन महिन्यांपूर्वीच दिसलेले असते. परंतु तो ग्राहक थोरल्या शेठजींचा स्नेही. त्याच्याविषयी शब्द काढावा कसा? मुनीमजी गप्प राहतात. पुढे रक्कम बुडते, तेव्हा सारे एकच प्रश्न विचारतात : ‘आधी का नाही सांगितले?’ ‘भीती वाटली’ हे त्याचे खरे उत्तर मात्र तेव्हाही कोणी उच्चारत नाही.

या भीतीचा अभ्यास हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापिका एमी एडमंडसन यांनी केला. 1990 च्या दशकात त्या रुग्णालयांतील औषधांच्या चुका तपासत होत्या. ज्या विभागात एकोपा अधिक, तेथे चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे निघाले. चांगल्या विभागांत चुकांची नोंद अधिक होती! अधिक खोलात गेल्यावर उलगडा झाला : त्या विभागांत चुका बोलून दाखवल्या जात होत्या, इतरत्र त्या दडवल्या जात होत्या. पुढे 1999 मध्ये एका उत्पादक कंपनीतील 51 गटांचा अभ्यास त्यांनी प्रसिद्ध केला. शंका विचारली, चूक कबूल केली किंवा वेगळे मत मांडले तर अपमान होणार नाही, हा गटातील सर्वांचा विश्वास म्हणजे ‘मानसिक सुरक्षितता’. हा विश्वास जेथे होता, ते गट अधिक शिकत होते व अधिक चांगले काम करीत होते.

असा विश्वास निर्माण करण्यासाठी आज अनेक कार्यालयांत स्वभावचाचण्या घेतल्या जातात. त्यांतील सर्वांत परिचित चाचणी मायर्स-ब्रिग्ज या नावाने ओळखली जाते. कार्ल युंग यांनी 1921 मध्ये स्वभावप्रकारांवर ग्रंथ लिहिला. त्या विचारांच्या आधारे कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल मायर्स या अमेरिकन मायलेकींनी ही पद्धत रचली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अनेक स्त्रिया प्रथमच नोकरीसाठी घराबाहेर पडत होत्या. कोणाला कोणते काम मानवेल हे कळावे, हा त्यामागील एक हेतू होता. अंतर्मुख की बहिर्मुख, तपशिलावर विसंबणारा की शक्यता शोधणारा, तर्काने ठरवणारा की माणसांच्या भावना जपून ठरवणारा, नियोजनबद्ध की प्रसंगानुसार वळणारा, अशा चार जोड्यांतून सोळा प्रकार तयार होतात.

या पद्धतीचा लाभ निश्चित आहे. ती स्वभावभेदाविषयी बोलण्यासाठी दोषारोपाविना भाषा देते. बैठकीत न बोलणारा तरुण निरुत्साही आहे असे मानले जाते. वस्तुतः त्याला आधी विचार करून मग बोलण्याची सवय असू शकते. विषय आदल्या दिवशी कळवला, तर तोच नेमकी सूचना घेऊन येतो. मोठ्याने बोलणारा विक्रेता भांडत नसतो. बोलता बोलताच त्याचा विचार पक्का होत असतो. एवढे उमगले तरी पेढीवरील निम्मे गैरसमज मावळतात.

परंतु येथेच सावधगिरी हवी. एखाद्या व्यापाऱ्याने तराजूत एका किलोवर रेघ ओढून वरचे सारे ‘जड’ आणि खालचे सारे ‘हलके’ असे जाहीर केले, तर 990 ग्रॅम व 1010 ग्रॅम यांत जमीन-अस्मानाचे अंतर भासेल. स्वभावप्रकारांचे असेच होते. बहुसंख्य माणसे मधल्या पट्ट्यात असतात. त्यामुळे काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली, तर पुष्कळांचा प्रकार बदललेला आढळतो. म्हणूनच ही चाचणी नोकरीसाठी माणूस निवडण्याकरिता वापरू नये, असे तिचे प्रकाशकही बजावतात.

व्यापारी कुटुंबांना तर अशा शिक्क्यांची ओळख नवी नाही. ‘थोरला तापट, मधला भोळा, धाकट्याला व्यवहार कळत नाही’ ही वर्गवारी मुले शाळेत असतानाच झालेली असते. तीस वर्षांनंतरही भोळा ठरलेल्या भावाने खरेदीच्या दराविषयी शंका काढली, तर ती हसण्यावारी नेली जाते. सूनबाईंनी साठ्यातील तफावत दाखवली, तर ‘तिला प्रत्येक गोष्टीत शंका’ असे म्हटले जाते. शिक्का एकदा बसला की माणसाचे म्हणणे ऐकणे थांबते. चाचणीने त्यावर इंग्रजी अक्षरांचा आणखी एक शिक्का चढवला, तर अभय वाढण्याऐवजी घटेल.

गूगलने 2012 पासून आपल्या सुमारे 180 गटांची पाहणी केली. गटात कोणत्या स्वभावाची माणसे आहेत, यापेक्षा ती एकमेकांशी कशी वागतात हे अधिक निर्णायक ठरले. आणि त्यातही मानसिक सुरक्षितता अग्रस्थानी होती.

तेव्हा स्वभावाची चर्चा व्हावी, पण ती प्रत्येकाने स्वतःपुरती करावी. पेढीवर हे सहज शक्य आहे. महिन्यातून एकदा सर्वांनी एकत्र बसून तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत : काम करताना मला कशाची मदत होते? माझी चूक मला कशा रीतीने सांगितलेली रुचते? कोणत्या वागण्यामुळे मी गप्प होतो? आरंभ शेठजींनी करावा. ‘मला घाईत तोडून बोलण्याची सवय आहे, तसे झाले तर मला थांबवा,’ एवढे त्यांनी म्हटले की इतरांची जीभ मोकळी होते. दोन मर्यादा मात्र काटेकोर पाळाव्यात : दुसऱ्याचा स्वभाव कोणी जाहीर करू नये, आणि या उत्तरांचा संबंध पगाराशी वा बढतीशी जोडू नये.

अभय म्हणजे शिस्तीला सुट्टी नव्हे, हेही तितकेच खरे. कामाचा दर्जा उंच आणि बोलण्याची मुभाही पूर्ण, अशा ठिकाणीच गट बहरतो, असे एडमंडसन सांगतात. अफरातफर वेगळी आणि चूक वेगळी. पहिलीला क्षमा करण्याचे कारण नाही. दुसरी वेळेवर कळणे हाच पेढीचा नफा आहे.

अखेरीस सारी परीक्षा एका क्षणाची असते. मुनीमजी धीर करून गादीजवळ येतात आणि म्हणतात, ‘शेठजी, त्या खात्याविषयी थोडे बोलायचे होते.’ त्यानंतर शेठजींच्या तोंडून निघणारे पहिले वाक्य सारी पेढी कान देऊन ऐकत असते. ‘बरे झाले सांगितलेत, बसा,’ असे ते वाक्य असेल, तर पुढची वाईट बातमी दोन महिने उशिरा येणार नाही.