प्रीती, प्रतिकार आणि कादंबरी

युद्धकाळावरील ऐतिहासिक कादंबऱ्यांना गेली काही वर्षे बरे दिवस आले आहेत. पुस्तकांच्या दुकानात त्या दुरूनही ओळखता येतात. मुखपृष्ठावर पाठमोरी उभी असलेली तरुणी, वर आकाशात विमानांची रांग आणि पलीकडे धुरकटलेले एखादे युरोपीय शहर. आत प्रीती असते, प्रतिकार असतो आणि शेवटी ताटातूट तरी असते किंवा पुनर्भेट तरी. आमची तरुण मंडळी ही पुस्तके आवडीने वाचतात. त्यांत नाक मुरडावे असे काही आहे, असे आम्हांस वाटत नाही. हरि नारायण आपट्यांनी सिंहगडाची कथा सांगताना रायबाचे लग्न आणि कमलकुमारीचे दुःख यांना बाजूला सारले नव्हते. माणसे युद्धातही प्रेम करतात आणि कादंबरीकाराने ते सांगितलेच पाहिजे. प्रश्न निराळा आहे. प्रेमामुळे प्रतिकाराची कसोटी लागते, की प्रतिकार हा प्रेमिकांच्या मागे टांगलेला रंगीत पडदा ठरतो?

या प्रश्नाचे उत्तर १९४२ सालच्या फ्रान्सने देऊन ठेवले आहे. ज्याँ ब्रुलेर या चित्रकाराने ‘व्हेरकोर’ हे टोपणनाव घेऊन ‘समुद्राचे मौन’ ही छोटी कथा लिहिली आणि जर्मनांच्या ताब्यातील पॅरिसमध्ये ती गुप्तपणे छापून घेतली. मुद्रक होता शोकपत्रे छापणारा एक लहान छापखानेवाला. एका वेळी मोजकी पाने छापून निघत. पहिल्या आवृत्तीच्या प्रती अवघ्या काही शे. कथेत एक वृद्ध काका आणि त्याची पुतणी यांच्या घरी एक जर्मन अधिकारी येऊन राहतो. तो सुसंस्कृत आहे, संगीतकार आहे, फ्रेंच साहित्यावर त्याचे मनापासून प्रेम आहे. रोज संध्याकाळी तो बोलत राहतो आणि ही दोघे एक शब्दही उच्चारीत नाहीत. पुतणीच्या मनात काय चालले आहे, ते वाचकाला कळते, पण तिचे ओठ उघडत नाहीत. आपल्याच लोकांना फ्रान्सचा आत्मा चिरडायचा आहे, हे उमगल्यावर तो अधिकारी पूर्वेच्या आघाडीवर जाण्यास निघतो. तेव्हा, फक्त तेव्हा, ती निरोपाचा एकच शब्द बोलते.

त्याच सुमारास इरेन नेमिरोव्स्की ही लेखिका जवळजवळ हाच प्रसंग लिहीत होती. ‘स्वीत फ्रांसेज’ या तिच्या अपुऱ्या कादंबरीच्या दुसऱ्या भागातही फ्रेंच घरात राहणारा संगीतप्रेमी जर्मन अधिकारी आहे. येथील ल्युसील त्याच्याशी बोलते, त्याच्याकडे ओढलीही जाते. पण जर्मन अधिकाऱ्याला मारून पळालेल्या शेतकऱ्याला घरात लपविण्याची वेळ येते, तेव्हा ती कचरत नाही. लेखिका जन्माने ज्यू होती. १३ जुलै १९४२ रोजी तिला अटक झाली आणि ऑगस्टमध्ये आउश्वित्झच्या छावणीत तिचा अंत झाला. मुलींनी जपून ठेवलेले हस्तलिखित २००४ साली प्रसिद्ध झाले.

एका कथेत मौन आहे, दुसरीत संभाषण आहे. परंतु दोन्हींत प्रेमाला किंमत आहे, आणि ती पात्रांनाच मोजावी लागते. आजच्या पुष्कळशा कादंबऱ्यांत नेमकी ही किंमत वगळली जाते. फ्रान्स मुक्त होत असताना जर्मनांशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून सुमारे २०,००० स्त्रियांचे केस भररस्त्यात कापले गेले. ही गर्दीही त्याच मुक्तीचा भाग होती. विमानांच्या रांगेखाली उभ्या असलेल्या त्या पाठमोऱ्या तरुणीच्या गोष्टीत ही गर्दी क्वचितच दिसते.

हे सारे दूरदेशीचे, असे कोणी म्हणेल. परंतु आमच्या दारात काय आहे, तेही पाहावे. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर तीन महिन्यांनी, २५ नोव्हेंबर रोजी, सीमेलगतच्या रानातून एक गुप्त नभोवाणी केंद्र बोलू लागले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी पोर्तुगीज व कोकणी भाषांतून सुमारे सहा वर्षे ते चालविले. सालाझारच्या सेन्सॉरने जे दडपले, ते गोमंतकीयांच्या कानी घातले. गोवा मुक्त झाल्याची वार्ताही या दोघांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर जाहीर केली. पुढे १९६४ साली त्यांचा विवाह झाला. वामनराव १९९४ साली निवर्तले. श्रीमती लिबिया लोबो सरदेसाई यांना पद्मश्री मिळाली ती २०२५ साली.

उद्या कोणी लेखक या कथेवर कादंबरी लिहील. लिहावीच, असे आम्ही म्हणू. त्या सहा वर्षांत दोघांच्या मनात काय होते, हे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. लेखक ते कल्पनेने रंगवील, आणि त्याला तेवढी मोकळीक असावी. पण त्याने आधी रानातील पावसाळे मोजावेत, माणसांपासून तुटून राहण्याचा अर्थ समजून घ्यावा, आणि दररोज ठरल्या वेळी खरी बातमीच द्यायची, या व्रताचा ताण ओळखावा. त्यांचे सहजीवन त्या व्रतातून उगवले. व्रत वगळून उरते ती केवळ एक गोड गोष्ट.

मुक्तिलढा डोळ्यांनी पाहिलेली माणसे दिवसेंदिवस विरळ होत आहेत. आमच्या नातवंडांना हा लढा पाठ्यपुस्तकातील चार ओळींपेक्षा कादंबरीतूनच अधिक कळणार आहे. म्हणूनच आमची मराठी आणि कोकणी लेखकांना विनंती आहे. अजून जे साक्षीदार बोलू शकतात, त्यांच्यापुढे आधी बसा, ऐका, आणि मग लेखणी उचला. प्रीतीची कथा जरूर सांगा, पण त्या रानातून येणारा आवाज तिच्या गोडव्यात बुडू देऊ नका.