टॉकीजचा पडदा काढा, रंगमंच मिळेल

मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाउसची गोष्ट सांगताना बहुतेक जण झुंबरांपाशी थांबतात. गिरगावच्या वेशीवरचं हे नाट्यगृह मॉरिस बँडमन आणि जहांगीर फ्रामजी कराका यांनी उभारलं. १९११ मध्ये बादशहा पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालं, तेव्हा बांधकाम अजून चालूच होतं. ते पुढच्या वर्षी पुरं झालं. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, पृथ्वीराज कपूर या रंगमंचावर उभे राहिले. मग सिनेमाचा जोर वाढला, नाटकं मागे पडली आणि ऑपेरा हाउसचं सिनेमागृह झालं. १९५२ मध्ये गोंडलच्या महाराजांनी ते विकत घेतलं. १९९३ मध्ये सिनेमाही बंद पडला. तेवीस वर्षं कुलूप. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार झाला, ऑक्टोबर २०१६ मध्ये दारं पुन्हा उघडली आणि पुढच्याच वर्षी युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला.

झुंबरं देखणी आहेत, वाद नाही. पण पुण्यापासून पाऊणशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या घोडनदीकाठच्या शिरूरने किंवा भीमेकाठच्या दौंडने या गोष्टीतून घ्यायचं ते वेगळंच आहे. सिनेमासाठी वापरलेली इमारत पुन्हा जिवंत कलेसाठी वापरता येते, एवढी एकच बाब त्यात तालुक्याच्या कामाची. बाकी सगळा राजघराण्याच्या ऐपतीचा भाग.

व्यावसायिक नाटकांच्या जाहिराती उघडून पाहा. पुण्यातलं बालगंधर्व रंगमंदिर, यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, चिंचवडचं रामकृष्ण मोरे, फार तर बारामतीचं गदिमा सभागृह. शिरूर-दौंडची नावं त्यात सहसा दिसत नाहीत. २०११ च्या जनगणनेत दौंड शहराची लोकसंख्या पन्नास हजारांच्या उंबरठ्यावर होती आणि शिरूरची सदतीस हजारांच्या आसपास. शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे, दौंडला रेल्वे जंक्शन आणि राज्य राखीव पोलीस दल. म्हणजे महिन्याच्या महिन्याला पगार घेणारी, पोरांना शिकवणारी, सुट्टीच्या दिवशी बाहेर पडणारी घरं दोन्हीकडे आहेत. त्यातल्या एखाद्या कुटुंबाला बालगंधर्वला रात्री साडेनऊचा प्रयोग पाहायचा असेल, तर पडदा पडेपर्यंत मध्यरात्र उलटते आणि परतीचा प्रश्न तिथून सुरू होतो. तिकिटापेक्षा जाण्या-येण्याचा खर्च जास्त. मग घरातला टीव्ही बरा.

‘पण गावाकडे प्रेक्षक कुठे आहे?’ हा प्रश्न पुण्यातले निर्माते हमखास विचारतात. त्यांनी सोलापूर रस्त्याने दौंड तालुक्यातल्या चौफुल्यापर्यंत एकदा जाऊन यावं. तिथली कलाकेंद्रं महाराष्ट्रभर ठाऊक आहेत. ढोलकी, पेटी आणि गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांची बारी समोर बसून, पैसे मोजून पाहणारा माणूस तिथे वर्षानुवर्षं येतो. शिरूरच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात नारायणगाव आहे, तमाशाची पंढरी. यात्रांचा हंगाम जवळ आला की तिथे फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच मातीतल्या. एवढ्या परिसरात जिवंत कला पाहायला लोक येत नाहीत असं म्हणणं म्हणजे देहूत राहून अभंग कुणाला माहीत नाही म्हणण्यासारखं आहे. प्रेक्षक आहे. त्याला बायकापोरांसह बसता येईल अशी, डोक्यावर छप्पर असलेली जागा नाही.

आणि ही जागा फक्त नाटकाला हवी आहे असंही नाही. भूषण कोरगावकर यांच्या ‘संगीत बारी’ या पुस्तकावरून सावित्री मेधातुल यांच्यासोबत त्याच नावाचा रंगमंचीय प्रयोग उभा राहिला. शकुंतलाबाई नगरकर यांच्यासारख्या मुरलेल्या लावणी कलावंतांनी तो मुंबई-पुण्यातल्या मध्यमवर्गीय प्रेक्षकांसमोर केला आणि लावणी म्हणजे फक्त शिट्ट्या, हा समज बऱ्याच जणांचा तिथे गळून पडला. मुंबईत हे होऊ शकतं, तर चौफुल्यापासून हाकेच्या अंतरावर का होऊ नये? कलावंत इथले आणि त्यांचा मान मात्र मुंबईत, हे काही बरं नव्हे.

आता टॉकीजकडे. आपल्या तालुक्यांच्या गावांतली बहुतेक एकपडदा चित्रपटगृहं काही राजवाडे नाहीत, हे आधी कबूल करावं. पुढे रंगवलेली कमान, मागे पत्र्याचं नाहीतर स्लॅबचं खोकं. वारसा म्हणून त्यांच्यावर डोळे ओले करण्यात अर्थ नाही. पुण्यातल्या काही टॉकीजची गोष्ट निराळी. १९३४ साली उघडलेलं किबे लक्ष्मी थिएटर पुढे प्रभात टॉकीज म्हणून मराठी सिनेमाचं घर झालं आणि २०१४ च्या डिसेंबरात ते नाव उतरलं. कॅम्पातल्या व्हिक्टरीचं, म्हणजे पूर्वीच्या कॅपिटॉलचं, नाव तर १९४३ च्या बॉम्बस्फोटामुळे स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात गेलं. तालुक्याच्या टॉकीजकडे असा इतिहास नसेल, पण दुसरं मोठं भांडवल आहे: जागा. ती भर बाजारात, एसटी स्टँडपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी असते. उतरती जमीन, बाल्कनी, बाजूच्या बोळात उघडणारी दारं, तिकीट खिडकी, सायकल स्टँड, सगळं आयतं. उलट सरकारी निधीतून नवं सांस्कृतिक भवन बांधायचं ठरलं, की ते गावाबाहेरच्या गायरानात जातं. उद्घाटनाची कोनशिला लागते आणि मग तिथे फक्त निवडणुकीच्या पेट्या ठेवल्या जातात.

टॉकीजचं नाट्यगृह करायला नेमकं काय लागतं, याचा हिशेब नाटकवाल्याला विचारला तर तो थेट पडद्यामागे जातो. सिनेमाचा पडदा जवळपास मागच्या भिंतीला चिकटलेला असतो. पुढे कशीबशी आठ-दहा फुटांची पट्टी. नाटकाच्या सेटला आणि नटांच्या हालचालीला त्याच्या तिप्पट खोली लागते. म्हणजे पुढच्या चार-सहा रांगा काढाव्या लागतील. कुणी फार रडणार नाही, मान वर करून सिनेमा पाहायची सक्ती त्याच रांगांत होती. दोन्ही बाजूंना विंगा हव्यात. मागे रंगपट हवा, स्त्रिया आणि पुरुषांचा वेगळा, नळाला पाणी येणारा. सेटचा ट्रक लागेल असं रुंद दार हवं. प्रोजेक्टरची खोली मात्र जशीच्या तशी कामाला येते. ज्या झरोक्यातून सिनेमाचा झोत पडायचा, तिथूनच रंगमंचावरच्या दिव्यांवर नजर ठेवता येते.

आवाजाचं गणित सगळ्यांत अवघड. टॉकीजच्या भिंती आवाज शोषून घेतील अशाच केलेल्या असतात, कारण सिनेमात आवाज कर्ण्यातून येतो आणि घुमला तर संवाद कळत नाही. नटाच्या तोंडून निघालेला शब्द शेवटच्या रांगेत पोचायला मात्र भिंतींनी थोडी साथ द्यावी लागते. त्यामुळे भिंतींवरचे जुने बोर्ड सरसकट उपटणं जितकं चूक, तितकंच ते सगळे ठेवणंही चूक. इथे रंगारी नको, ध्वनीचा जाणकार हवा, आणि तो सुरुवातीला हवा.

विजेच्या तारांबाबत कंजुषी नको. कोल्हापूरचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी १९१५ मध्ये बांधून घेतलेलं पॅलेस थिएटर, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शंभर वर्षांची पुण्याई आगीला एका रात्रीत पुरली.

इमारत उभी राहिली की खरा प्रश्न येतो: चालवणार कोण? मे २०२३ मध्ये रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहात एसी आणि ध्वनियंत्रणेचे हाल पाहून अभिनेते भरत जाधव यांनी प्रयोगानंतर रंगमंचावरूनच प्रेक्षकांची माफी मागितली आणि रत्नागिरीत पुन्हा नाटक करणार नाही असं सांगून टाकलं. पालिकेचं नाट्यगृह म्हणजे तुंबलेली मोरी, हा अनुभव नाटकवाल्यांच्या अंगवळणी पडला आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या किंग्ज थिएटरचा कित्ता इथे पाहण्यासारखा आहे. १९२९ चा हा भव्य सिनेमामहाल १९७७ मध्ये बंद पडला आणि २०१५ मध्ये गाण्याच्या मैफलींसाठी उघडला. मालकी शहराची, कारभार मात्र करमणुकीच्या धंद्यात मुरलेल्या कंपनीकडे. त्यावर झालेला कोट्यवधी डॉलरचा खर्च आपल्या बेतात नाही, पण मालकी आणि कारभार वेगळा ठेवण्याला पैसे लागत नाहीत.

शिरूर-दौंडसाठी हीच वाट सरळ आहे. टॉकीजच्या मालकाला जागेचा भाव कळतो, तो ती फुकट देणार नाही आणि त्याने का द्यावी? पुढच्या बाजूला दुकानं काढायची मुभा त्याला द्यावी, प्रेक्षागृहाचा भाग नगरपरिषदेने दीर्घ मुदतीच्या भाड्याने घ्यावा आणि तारखांचं वाटप नाट्यसंस्था, तमाशा फड, शाळा आणि कलाकेंद्रांतले कलावंत यांच्या समितीकडे सोपवावं. समितीत नगरसेवक असावेत, पण अल्पमतात. लग्नाला आणि पक्षाच्या मेळाव्याला हॉल देणार नाही, हा नियम पहिल्याच दिवशी भिंतीवर रंगवावा. नाहीतर सहा महिन्यांत रंगमंचावर स्टेज डेकोरेशनवाल्याच्या खिळ्यांची भोकं दिसतील.

नगरपरिषदांची अंदाजपत्रकं मार्चआधी ठरतात. शिरूर आणि दौंडच्या वाचकांनी तोवर आपल्या वॉर्डातल्या नगरसेवकाला गाठून एकच गोष्ट मागावी: गावातल्या बंद टॉकीजची अभियंता आणि ध्वनितज्ज्ञाकडून पाहणी, आणि तिच्या खर्चाची तरतूद.