सुटीतलं पहिलं पुस्तक

शिरूर-दौंडच्या महाविद्यालयीन मुलामुलींनी उन्हाळ्याच्या सुटीतलं पहिलं पुस्तक आपल्या मातीतलं निवडावं. मे १८७५ मध्ये सुप्यात सावकारांचे कर्जरोखे जाळले गेले. तो वणवा शिरूर तालुक्यात आणि आजचं दौंड ज्यात मोडत होतं त्या भीमथडीत पसरला. अशाच कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यावर १८८३ साली महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, १९१५ साली त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गाव-गाडा’ आला. कर्ज, वतन, बलुतं यांचं त्यांतलं चित्र पाहिलं की घरातला सातबारा आणि सोसायटीची थकबाकी निराळ्या अर्थानं दिसू लागते. भाषा जुनी, जड आहे ही तक्रार खरी. पण पहिली वीस पानं नेटानं वाचली की ती वळणं कानाला सरावतात. सुटीत जग पाहायचं सोडून पुन्हा गावच का वाचायचं, हा आक्षेप अधिक वजनाचा. पण गाव आधी वाचलं की जगही जवळ येतं. जॉन स्टाइनबेकच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ (१९३९) मधलं, जमिनीवरून उठवलेलं अमेरिकी कुटुंब ‘असूड’ वाचलेल्याला परकं वाटत नाही. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं जूनमध्येही असतील. या आठवड्यात जवळच्या ग्रंथालयात जाऊन ‘असूड’ मागा.