सातबाऱ्यावर नसलेली माणसं

२५ डिसेंबर २०२५ पासून पनवेलच्या उंबरठ्यावरून विमानं उडू लागली. त्या धावपट्टीसाठी दहा वस्त्या उठल्या, उलव्याची टेकडी फुटली, नदीचं पात्र वळवलं गेलं. म्हणूनच हा अंक आम्ही विकास आणि मानवी हक्कांच्या नात्याला वाहिला आहे.

या नात्याचा धडा इथल्या मातीनेच दिला. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी नवी मुंबईसाठीच्या भूसंपादनाविरोधात रस्त्यावर उतरले; गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले. या लढ्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व पुढे आलं आणि विमानतळाच्या वेळी ते साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेलं. हक्क मागणाऱ्यांनी शहर अडवलं नाही, त्यात आपला वाटा मागितला, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

मात्र वाटा मोजला गेला तो प्रामुख्याने सातबाऱ्यावरून. खाडीत जाळं टाकणारा कोळी, मिठागरावरचा मजूर, भूमिहीन बाई यांच्या उपजीविकेची नोंद कुठल्या उताऱ्यावर शोधायची? या अंकातले लेख हाच प्रश्न धरून चालतात. तुमच्या गावाचा, घराचा अनुभव आम्हाला जरूर लिहून कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.