सूर टिकतो कशाच्या बळावर?

दिवाळीच्या चार दिवसांत आपल्या कानांवर आवाजांची नुसती बरसात होते. फटाका फुटतो आणि त्याचा आवाज जन्मल्या क्षणीच मरतो. पहाटे लावलेल्या रेडिओवरची सनई मात्र उटणे लागून, अभ्यंगस्नान उरकून, फराळाची ताटे मांडून झाली तरी चाललेलीच असते. तिच्यामागे एक सूर अखंड धरलेला असतो. आपण तो ऐकतो, पण त्याच्याकडे लक्ष देत नाही. सूर मध्येच थांबला की तेवढे चटकन ध्यानात येते.

सूर टिकवावा कसा, हा प्रश्न फार जुना आहे, आणि सध्या तो आपल्या घरातच येऊन बसला आहे. पूर्वी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात पेटी किंवा सतार असे, तिथे आता चिरंजीवांची किंवा कन्येची गिटार दिसते. ह्या वाद्याचे सारे गुण मान्य केले तरी एक उणीव राहते. तार छेडली की सूर मोठ्या ऐटीत उमटतो आणि काही सेकंदांत विरून जातो. बोटाने तारेला दिलेली शक्ती थोडी हवेत जाते, थोडी लाकडात मुरते, थोडी तारेतच उष्णता होऊन संपते. शिल्लक काही राहत नाही, तेव्हा सूरही राहत नाही.

मग उपाय काय? बाळाला झोपाळ्यावर बसवून झोका देणाऱ्या आईला तो ठाऊक असतो. झोपाळा परत येऊन पुढे निघतो, त्या नेमक्या क्षणी ती त्याला हलकासा हात लावते. फार जोर लागत नाही. वेळ तेवढी साधावी लागते. ती साधली की झोपाळा तासभर चालेल, आणि चुकली तर तोच हात झोपाळा थांबवील.

तारेच्या बाबतीत हे काम फार कठीण आहे, कारण गिटारची सर्वांत बारीक तार मोकळी छेडली तर एका सेकंदात सुमारे ३३० वेळा थरथरते. एवढ्या वेळा बरोबर मुहूर्त साधून धक्का देणारी आई कुठून आणायची? ती अमेरिकेतल्या ग्रेग हीट नावाच्या गृहस्थाने १९६९ साली विजेच्या रूपाने शोधून काढली. त्याच्या यंत्राचे नाव ई-बो, म्हणजे विजेचा गज. १९७६ साली ते बाजारात आले. मुठीत मावेल एवढी ही डबी आत बसवलेल्या बॅटरीवर चालते. डबी तारेवर धरली की आतले एक वेटोळे तारेचे कंपन टिपते, एक छोटे मंडल त्याचा जोर वाढवते, आणि दुसरे वेटोळे त्याच तालात चुंबकाच्या ओढीने तारेला धक्का देते. तारेने यंत्राला सांगायचे आणि यंत्राने तारेला हलवायचे, असे हे चक्र आहे. डबी जागेवर आहे आणि बॅटरीत जीव आहे तोवर सूर थांबत नाही.

मूळ कल्पना त्याहूनही जुनी आहे. हेल्महोल्त्झ ह्या जर्मन शास्त्रज्ञाने नादावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ १८६३ साली प्रसिद्ध केला, त्यात विद्युत्‌चुंबकाच्या जोरावर अखंड वाजत ठेवलेल्या नादकाट्यांचे प्रयोग आहेत. पुढे कारागिरांनी हे चक्र गिटारच्या पोटातच बसवले. मायकेल ब्रूक ह्या कॅनडातल्या वादकाने १९८०च्या दशकात 'अनंत गिटार' तयार केली, आणि यू-टू ह्या आयरिश वाद्यवृंदाने १९८७ साली ती आपल्या एका गाण्यात वापरून तिचा तो लांबच लांब सूर जगभर पोचवला. बेस गिटारच्या जाड तारांना मात्र हे औषध सहज लागू पडत नाही. भरलेल्या पिंपाला झोका द्यायला जोर अधिकच लागणार! शिवाय चुंबकाची मात्रा पोलादी तारेवरच चालते. नायलॉनची किंवा नुसत्या पितळेची तार त्याला दाद देत नाही. आपल्या देवघरातली पितळी समई तरी लोहचुंबकाला कुठे चिकटते?

आपल्या संगीताने हा प्रश्न निराळ्या वाटेने सोडवला होता. तानपुऱ्याच्या चार तारा एकापाठोपाठ एक छेडल्या जातात. पहिलीचा नाद विरण्याआधी दुसरीचा सुरू होतो. घोडीचा पृष्ठभाग रुंद आणि किंचित उतरता ठेवून तारेखाली दोरा सरकवला की जवारी लागते, आणि नाद भरीव होऊन रेंगाळतो. मिरजेच्या कारागिरांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु तानपुऱ्यामागे माणूस बसवावा लागतो. १९७९च्या सुमारास बंगळूरच्या राज नारायण यांनी विजेवरचा तानपुरा आणला आणि तो माणूस उठला. आज तर तानपुरा टेलिफोनातच येऊन बसला आहे. एकट्याने रियाज करणाऱ्या मुलीची त्याने मोठी सोय केली, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे.

आता आपण मुंबईपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर जाऊ. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झाला. त्याच्या पूर्वेला डोंगरमाथ्यावर जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके आहेत. जव्हार हे १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान होते. शहरातली मंडळी पावसाळ्यात दाभोसाचा धबधबा पाहायला तिकडे जातात आणि भजी खाऊन परततात. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी अशा लोकांची ही भूमी. पीक भात, नागली आणि वरई यांचे, आणि तेही बहुतेक पावसावरचे.

ह्या डोंगरात सूर टिकवण्याची दोन साधने आहेत, आणि दोन्हींना बॅटरी लागत नाही. पहिले थाळीचे. काशाची किंवा पितळेची थाळी घ्यायची, तिच्या मध्यावर मेणाच्या गोळ्यात एक बारीक काडी उभी रोवायची, आणि बोटांच्या चिमटीने ती काडी वरून खाली हलकेच ओढत राहायची. बोट काडीला धरते, सुटते, पुन्हा धरते. सारंगीचा गज तारेवर करतो तेच इथे बोटे करतात. काडीची थरथर थाळीत उतरते आणि एक गंभीर, घुमणारा नाद निघतो. हाताआड हात चालत राहिला की तो नाद तुटत नाही. त्याच्या आधाराने कथा सांगणारा कणसरीची, म्हणजे धान्यदेवतेची, कथा रात्र रात्र लावतो. आपल्या स्वयंपाकघरातली थाळी तिथे तानपुऱ्याचे काम करते!

दुसरे साधन तारपा. वाळवलेला भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांच्या आत कंप पावणाऱ्या जिभल्या, सांधे बुजवायला मेण आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. सारे साहित्य शेतातले नि रानातले. वादक भोपळ्याच्या तोंडातून फुंकतो आणि नळ्यांच्या भोकांवर बोटे फिरवतो. खरी करामत श्वासाची आहे. गालांत हवा साठवून ती वाद्यात ढकलत असतानाच नाकाने नवा श्वास घ्यायचा. आपल्या लग्नात सनईवाल्याशेजारी बसून नुसता सूर धरणारा जोडीदार हेच करतो, पण तो बसलेला असतो आणि एकच सूर धरतो. तारपेवाला उभ्याने, चालत चालत, चाली बदलत वाजवतो.

त्याच्याभोवती बायका-पुरुष एकमेकांना धरून साखळी करतात आणि फेर धरतात. तारप्याची चाल बदलली की पावले बदलतात. वादक नाचणाऱ्यांकडे पाहून जोर धरतो आणि नाचणारे त्याचे ऐकून. वारली चित्रांतला तो गोगलगायीच्या शंखासारखा फेर आपण पाहिलेला आहे. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ती चित्रकला जगभर नेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आपल्या दिवाणखान्यातल्या पडद्यांवर, चहाच्या पेल्यांवर तो फेर छापलेला असतो. मध्यभागी जो लांबट वाद्य घेऊन उभा आहे तो तारपेवाला. चित्र घरात आले, त्याचा आवाज मात्र आपण क्वचितच ऐकला.

जव्हार तालुक्यातल्या वाळवंडे गावचे भिकल्या लाडक्या धिंडा हे नव्वदीच्या घरातले तारपावादक. त्यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली. तारपा ते स्वतः तयार करतात. एवढ्या वयात श्वासाचे चक्र न तुटू देणे ही काय साधना असेल, याची कल्पना दोन जिने चढून धापा टाकणाऱ्या आपल्यासारख्यांनी करून पाहावी.

परंतु वादकाचा श्वास टिकला म्हणजे सगळे टिकले असे होत नाही. तारप्याचा हंगाम नव्या भाताच्या दिवसांपासून दिवाळीपर्यंतचा. दिवाळी झाली की ह्या दोन तालुक्यांतली असंख्य कुटुंबे घराला कडी लावून पोटासाठी खाली उतरतात. कोणी भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, कोणी ठाणे-मुंबईच्या बांधकामांवर. पोरेबाळे बरोबर, शाळा अर्धी. परत येतात ती पावसाच्या तोंडावर. आपण ज्या इमारतीत तानपुऱ्याचे यंत्र लावून बसतो, तिच्या विटा अशाच कोणी थापलेल्या असू शकतात. तारपा शिकायला पोरगा वादकाच्या जवळ लागतो, वर्षानुवर्षे लागतो. तो भट्टीवर गेला की शिकणे राहते. पुढच्या वर्षी फेरात दोन हात कमी होतात.

यंत्राने हे काम करता येईल काय? काही प्रमाणात येईल. लग्नाच्या मांडवात आता तारप्याची चाल कीबोर्डवर वाजते आणि ध्वनिवर्धकावरून डोंगरापलीकडे जाते. तरुण पोरे त्यावर मनसोक्त नाचतात. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही, कारण आपण तरी मुंजीत सनईवाला बोलावतो की तबकडी लावतो? मात्र एक फरक आहे. कीबोर्ड कोणी नाचो न नाचो, वाजत राहील. तारपेवाल्याला समोर फेर लागतो. साखळीतली माणसे त्याला झोका देत असतात, आणि तो त्यांना. ते चक्र वीज पुरवून चालू ठेवता येत नाही. त्यासाठी माणसे घरी राहिली पाहिजेत, आणि ती राहण्यासाठी दिवाळीनंतरही गावात हाताला काम हवे, दुसऱ्या पिकाला पाणी हवे. मुंबईच्या नळाला येणारे वैतरणेचे पाणी ह्याच डोंगरांच्या कुशीतून येते, आणि मोखाड्याच्या पाड्यांवरच्या बायका उन्हाळ्यात हंडा घेऊन कोस कोस चालतात. पद्मश्रीचे पदक वादकाला मान देते, तो योग्यच आहे. पाणी आणि काम मिळाले तर त्याला शागीर्द मिळतील.

ह्या सदराच्या वाचकांना एक सुचवावेसे वाटते. सुट्टीत मुलांना घेऊन जव्हारला जायचे ठरलेच तर धबधब्यापाशी तासभर कमी थांबा. आधी विचारून, मान राखून एखाद्या तारपा करणाऱ्याकडे जा. त्याने सांगितलेली किंमत घासाघीस न करता द्या आणि तो वाजवील तेवढे ऐका. तुमच्या गिटार वाजवणाऱ्या चिरंजीवांनी तोंडाने फुंकून पाहायचा हट्ट धरला तर धरू द्या. सूर दहा सेकंदही टिकणार नाही. मग तो नक्की विचारील, "हे बाबा श्वास घेतात तरी केव्हा?" त्याचे उत्तर तुम्ही देऊ नका. ते बाबाच करून दाखवतील.