संस्कारांनी विषाणू अडत नाही

सातवी-आठवीतल्या मुलींना गर्भाशयमुखाचा कॅन्सर टाळणारी, एचपीव्ही या विषाणूवरची लस द्यावी का, या विषयावर एका विद्वान गृहस्थांचं व्याख्यान नुकतंच ऐकलं. सभागृह भरलेलं होतं, टाळ्या पडत होत्या आणि पुढच्या रांगेतल्या आया माना डोलावत होत्या. नुसतं भाषण असतं तर मी सोडून दिलं असतं. त्या माना पाहून लिहायला बसले आहे.

गृहस्थांचं म्हणणं थोडक्यात असं. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. आपल्या घरातल्या मुली तसल्या नाहीत. तेव्हा बारा वर्षांच्या मुलीला ही सुई टोचणं म्हणजे तिच्यावर आणि तिच्या आईने लावलेल्या वळणावर अविश्वास दाखवणं. एकदा लस मिळाली की मुली मोकाट सुटतील. शिवाय लस नवी आहे, खम्ममला तिने मुली दगावल्या आणि हा सगळा परदेशी कंपन्यांचा धंदा आहे.

धंद्याचं आधी. 2022 मध्ये मान्यता मिळालेली भारतीय लस पुण्यात तयार होते. लस नवी म्हणाल तर 2006 पासून ती जगात वापरात आहे आणि ऑस्ट्रेलियाने 2007 पासून शाळकरी मुलींना द्यायला सुरुवात केली. मोकाट सुटण्याबद्दल म्हणाल, तर लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलींच्या वागण्याची तुलना अनेकदा झाली आहे. तसा फरक आढळलेला नाही.

खम्ममचं मात्र नीट सांगायला हवं, कारण तिथे खरोखरच वाईट घडलं होतं. 2009-10 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्ममला आणि गुजरातेत वडोदऱ्याला ही लस प्रायोगिक तत्त्वावर देण्यात आली. सात मुलींचे मृत्यू झाले. कुणी बुडून गेली, कुणाला साप चावला, कुणी विष घेतलं. चौकशीत लशीशी संबंध आढळला नाही. पण त्याच चौकशीतून हेही पुढे आलं, की आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी मुख्याध्यापकांनी आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या ठोकल्या होत्या. याचा संताप यायलाच हवा, मलाही येतो. तो संताप आईबापांना न विचारणाऱ्यांवर काढा, लशीवर का? त्या गदारोळात 2010 मध्ये देशातली दुसरी एक पाहणीही अर्ध्यावर थांबली. तीत आपली बार्शी होती, पुणे होतं. हजारो मुलींना ठरलेल्यापैकी एकच डोस मिळाला. डॉक्टरांनी त्यांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली आणि दिसलं, की एका डोसानेही संरक्षण टिकतं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2022 मध्ये 9 ते 20 वयासाठी एक डोस चालेल असं सांगितलं, त्यामागे या मुलींच्या नोंदीही आहेत. गृहस्थांना खम्मम ठाऊक आहे, बार्शी ठाऊक नाही.

आता संस्कार. माझं खरं भांडण इथे आहे.

चला, तुमची मुलगी तुम्हाला हवी तशी वागली असं धरू. कॉलेजात मान वर करून पाहिलं नाही, तुम्ही दाखवलेल्या मुलाशी लग्न केलं, जन्मभर त्याच्याशीच संसार केला. एचपीव्हीच्या दृष्टीने ती सुरक्षित झाली का? नाही. लग्न हाही शरीरसंबंधच आहे, आणि संसारात दोन माणसं असतात. त्या लांबलचक भाषणात नवऱ्याचा उल्लेखच नव्हता. पुरुषाच्या अंगात हा विषाणू बहुधा काहीही लक्षण न दाखवता राहतो, आणि पुरुषासाठी त्याची नेहमीची तपासणीही नाही. लग्नाआधी कुठून लागला, हे त्या पुरुषालाही ठाऊक नसतं. बायकोचं पातिव्रत्य यातलं काय अडवणार? नियम पाळायचे तिने, धोका सोसायचा तिने, आणि शेवटी आजार झाला की संशयही तिच्यावरच! याला तुम्ही संस्कृती म्हणता?

उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, खेड्यांतल्या 30 ते 59 वयाच्या सुमारे 1 लाख 31 हजार बायकांची मोठी पाहणी झाली. तिचे निष्कर्ष 2009 मध्ये आले. (एका गटाला तपासणीविना ठेवलं म्हणून तिच्यावर टीका झाली, आणि ती रास्त होती.) एचपीव्हीची तपासणी एकदाच केली, तरी त्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. त्या खेड्यांत या वयाची बिनलग्नाची बाई शोधूनही सापडत नाही. खुरपणीला जाणाऱ्या, डोक्यावरचा पदर न ढळू देणाऱ्या या बाया. गृहस्थांनी एखाद्या पाराखाली उभं राहून त्यांना सांगावं, की तुमचं वळण चुकलं.

संसर्ग झाला म्हणजे कॅन्सर झाला असंही नाही. आयुष्यात कधी ना कधी तो बहुतेक स्त्रीपुरुषांना होतो आणि एक-दोन वर्षांत शरीरच त्याला हाकलतं. काही जणींत तो ठाण मांडतो आणि पंधरा-वीस वर्षांनी कॅन्सर होऊन समोर येतो. इतक्या सर्रास होणाऱ्या गोष्टीवरून चारित्र्य कसं ठरवता? बाळ जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत त्याला हिपॅटायटिस बीची लस देतात. तोही रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरतो. बारशाला आलेल्या कुणी त्या बाळाच्या चारित्र्यावर शंका घेतल्याचं ऐकलंय?

या लाजेची किंमत बायका देतात. अंगावरून पांढरं जातं, संबंधानंतर रक्त जातं. ते सांगायचं कुणाला? नवऱ्याला सांगावं तर संशय, सासूला सांगावं तर बोलणी. डॉक्टरपर्यंत पोचते तोवर रोग हाताबाहेर गेलेला असतो. आणि लाजेपोटी जिथे कुणी खरं बोलत नाही, तिथे भीती विकणारे येतात. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या सरसकट काढल्याचं 2019 मध्ये गाजलं. कॅन्सर होईल असं घाबरवलं, हे त्यांतल्या कित्येकींनी सांगितलं. कॅन्सर कशाने होतो आणि कशाने टळतो, हे त्यांना आधी कुणी सांगितलं असतं तर?

ज्ञान दिलं की समाज बिघडतो, हे तर जुनंच पालुपद. मुंबईत 1921 मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढणाऱ्या, गुप्तरोगांवर मराठीत उघडपणे लिहिणाऱ्या प्राध्यापकाला हेच ऐकवलं गेलं. त्यांची नोकरी गेली, अश्लीलतेचे खटले झाले. आज त्यांच्या छळवाद्यांची नातवंडं पाळणा लांबवण्याच्या गोळ्या निःसंकोच घेतात. समाज बुडाला नाही.

मग करायचं काय? लस वेळेत द्यायची, म्हणजे संसर्गाचा संभव सुरू होण्याआधी. आधीच लागलेला विषाणू ती काढत नाही. बियाण्याला औषध पेरणीआधीच चोळतात. एचपीव्हीच्या 16 आणि 18 या दोन प्रकारांमुळे गर्भाशयमुखाचे सुमारे 70 टक्के कॅन्सर होतात, आणि लस नेमकी त्यांना अडवते. इंग्लंडमध्ये 12-13 व्या वर्षी लस मिळालेल्या मुलींत हा कॅन्सर 87 टक्क्यांनी घटला. स्कॉटलंडमध्ये त्या वयात लस घेतलेल्यांत 2024 च्या अहवालापर्यंत एकही रुग्ण आढळला नव्हता. आपल्याकडे 2022 या एका वर्षात सुमारे 1 लाख 27 हजार बायकांना हा कॅन्सर झाला आणि 80 हजारांच्या आसपास गेल्या, असा अंदाज आहे. तिशीनंतरची तपासणी लशीनंतरही चालू ठेवावी लागेल, कारण उरलेले प्रकार आहेतच. मुलग्यांनाही लस द्यावी. ऑस्ट्रेलियाने ते 2013 मध्येच सुरू केलं.

आमच्या बाजूचे काहीजण सुचवतात, की पालकांना फक्त ‘कॅन्सरची लस’ म्हणा, विषाणू कसा पसरतो ते बोलूच नका. मला हे पटत नाही. आपण जे दडवतो, तेच पुढे गृहस्थांसारखे लोक व्यासपीठावरून फोडतात, आणि मग पालकांना वाटतं की आपल्याला फसवलं. विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, लग्नातल्या संबंधातूनही पसरतो, पुरुषाकडून बाईला आणि बाईकडून पुरुषाला जातो, हे संमतिपत्राच्या पहिल्या ओळीत स्वच्छ मराठीत छापा. त्याखाली आईची सही घ्या, बापाचीही घ्या.